चंडोलांची एकादशी

लग्नानंतरची सहा वर्षं मी तंजावूर सोडून वाळवंटात काढली. ह्यांची नोकरी राजस्थानातल्या एका गावात. बोलायला कोणी नाही, मग मी पाखरांशी बोलायची. सकाळी तांदूळ निवडून उरलेली कणी उंबऱ्याबाहेर टाकायची आणि डोक्यावर शेंडी मिरवणारे चंडोल किती आले ते वहीत लिहायची. आम्ही तंजावूरचे मराठी, म्हणून मराठीतच, पण शाळेत शिकलेल्या तमिळ अक्षरांत. देवनागरी मी साठीनंतर आपली आपण शिकले.

आता माझी नात संशोधनासाठी त्याच गावाभोवती चंडोल मोजत फिरते. ते वाढले की घटले हे तिला हवंय, पण जुन्या काळी मोजलंच कोणी नव्हतं. माझी वही आठवली तेव्हा पोरगी नाचली. दुपारभर फोनवर मी वाचत होते, ती उतरवून घेत होती.

आठवड्याने तिचा फोन. आवाज पडलेला.

"आजी, सर म्हणतात ही वही ग्राह्य धरता येणार नाही. दर पंधरा दिवसांनी शून्य आहे. पाखरं संपावर जात होती का?"

"मी खोटं लिहिलं म्हणतात का तुझे सर?"

"तसं नाही गं. पण कारण तर हवं ना."

मी फिल्टर कापीचा पेला खाली ठेवला आणि वही उघडली. पहिलं शून्य, दुसरं शून्य, बाजूला लिहिलेली तिथी. आणि मला हसूच आवरेना.

"अगं वेडे, एकादशी! त्या दिवशी आपल्या घरी तांदळाच्या डब्याला हात लावतात का? तांदूळ नाही तर कणी नाही. कणी नाही तर ते कशाला येतील? मी आपली इमानाने शून्य लिहीत गेले."

पलीकडे खो-खो हसणं. "म्हणजे तू त्यांनाही उपास घडवलास!"

सरांनी पंचांग मागवून एकेक शून्य ताडून पाहिलं म्हणे. वही धरली. एकादश्या वगळल्या आणि नातीने आमच्या त्याच जुन्या घरासमोर महिनाभर कणी टाकून मोजणी केली.

काल सकाळी फोन आला. "आजी, तुझ्या वेळी यायचे तेवढेच येतात. घटले नाहीत."

तिच्या मागे चंडोल गात होते. मी फोन कानाला घट्ट धरला.

"आज किती आलेत?"

"नऊ."

काल एकादशी होती. डब्याला मी हात लावला नव्हता, तरी नातीच्या हातून चंडोल जेवले होते. वहीचं शेवटचं कोरं पान काढलं आणि तमिळ अक्षरांत लिहिलं: एकादशी, नऊ.