माजरीतलं राहिलेलं घर

लसीकरणाच्या दिवशी तान्ह्या लेकरांच्या रांगेत, सगळ्यांत शेवटी, दोन हात लांब प्रल्हादभाऊ उभे असायचे. उंचेपुरे, चाळिशीला टेकलेले, तोंडाला फडकं बांधलेले. पोरंबाळं घेतलेल्या बाया त्यांच्याकडे पाहून पदराआड हसायच्या. माझ्यासमोर आले की बाही वर करत म्हणायचे, "टोचा सिस्टर. मी बी आता लेकरूच होय."

आजारी पडण्याआधी आमच्या भद्रावतीकडच्या आरोग्य केंद्रात लस टोचण्याचं काम तेच करायचे. सायकलला थंड डबा बांधून कोळसा खाणीच्या वस्त्या पालथ्या घालायचे. एखादी आई दार लावू लागली तर उंबऱ्याशी बसून राहायचे. "मले शिव्या दे, बाई, पन लेकराचा दंड दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गोवराची लस तेव्हा नुकतीच आली होती. ती प्रत्येक घरी पोचवल्याचा त्यांना अभिमान होता.

मग त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, भावंडाच्या हाडातला मगज जुळला तर वाचाल. दोन्ही भावांचा जुळला नाही. जुळला सुमनचा. माजरीतल्या यासीन वेल्डरशी लग्न केलं म्हणून घरानं तोडलेली ही धाकटी बहीण. सगळ्यांत आधी बोलणं तोडलं होतं प्रल्हादभाऊंनी. निरोप मिळताच ती पोरीला नवऱ्याजवळ ठेवून मुंबईला गेली, मगज दिला आणि भेट न घेताच परतली. भावाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, असं यासीननं नंतर सांगितलं.

भाऊ वाचले, पण जुन्या मगजाबरोबर त्यांच्या अंगातलं सगळं संरक्षणही गेलं. लहानपणी निघालेला गोवरसुद्धा त्यांचं रक्त विसरलं. लसी नव्यानं घ्यायच्या, आणि गोवराची, जिवंत विषाणूंची म्हणून, तर इतक्यात नाहीच. तोवर गोवर झालेल्या पोराजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. धनुर्वाताच्या पहिल्या टोचणीनंतर रक्त तपासलं, तर रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळपास नव्हतीच.

सुमनच्या घरी जायचं ते महिनोन्महिने टाळत होते. शेवटी मला म्हणाले, "एकट्यानं जायची हिंमत होऊन नाई राह्यली, सिस्टर. तुम्ही चाला संगं." आम्ही माजरीला गेलो. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी फडकं सारखं केलं. सुमननं लांबूनच पाहिलं आणि दारात आडवी उभी राहिली.

"दादा, तिथीच थांब. पोरीले गोवर निघाला हाय."

भाऊ थांबले. इतक्या वर्षांची सवय, तोंडून निघून गेलं, "लस नाई टोचली काय तिले?"

सुमन साध्या आवाजात म्हणाली, "टोचायले आलं कोन?"

ही गल्ली भाऊंच्याच फेरीत होती. शेजारच्या सगळ्या पोरांना त्यांनी लस दिली होती. हे एक दार सोडून ते दर वेळी पुढे गेले होते, आणि केंद्रावर सांगत आले होते की घर बंद असतं. हे मला तिथेच, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते फडक्याआड काहीतरी पुटपुटले आणि रस्त्याच्या कडेला खाली बसले. मी पोरीला पाहायला आत गेले. शबाना तापानं फणफणली होती, कान वाहत होता. बाहेर आले तेव्हाही भाऊ तसेच बसून होते. सुमन दारातून त्यांना घरी जा म्हणत होती, उन्हात बसू नको म्हणत होती. त्यांना वर पाहवत नव्हतं.

पोर वाचली. उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं.

तिसऱ्या टोचणीनंतर मुंबईहून कळलं की भाऊंच्या रक्तात धनुर्वाताची प्रतिद्रव्यं भरपूर तयार झाली आहेत. मी हौसेनं सांगायला गेले. ते म्हणाले, "माह्यं काय हाय त्यात? तिच्याच रक्तानं केलं ते. मी तिच्या पोरीसाठी एवढं बी नाई केलं."

पुढे डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर ते सुमनच्या घरात गेले. शबाना पाठमोरी बसून खेळत होती. त्यांनी उजव्या बाजूनं हळूच हाक मारली. तिनं ऐकली नाही. दुसऱ्यांदा हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग वळसा घालून ते तिच्यासमोर गेले, जमिनीवर बसले आणि तिची मान वर होईपर्यंत वाट पाहत राहिले.