उन्हातली छत्री

आमचा विजयसिंह म्हंजे सरळ माणूस. लोकं कौतुकानं सरळ म्हणतात, मी वैतागून म्हणते. धाकटा भाऊ हाय माझा, मला हक्क हाय. उद्यमनगरात त्याचं लेथचं वर्कशॉप. ड्रॉइंगमध्ये जे असंल ते लोखंडातनं काढून द्यायचं, ना कमी ना जास्त. माणसांचं बोलणं पण तो तसंच घेतोय, शब्दाला शब्द. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बायको म्हणाली, "मला काय साडीबिडी नको." यानं खरंच आणली न्हाय. वर मला सांगतोय, "आक्का, विचारलं की तिला. नको म्हणाली." अजून दर दिवाळीला भावजय त्या साडीचा विषय काढती, आणि मी त्यात तेल ओतते.

तर या माणसाला मी नाटकात नेलं.

उचगावात आमच्या कॉलनीत रविवारी दुपारी आम्ही बायका जमून नाटक वाचतो. करायचं न्हाय, नुसतं वाचायचं, एकेकीनं एकेक पात्र घेऊन. संघप्रिया वाचून घेती. पोरगी कॉलेजात मराठी शिकवती, मागच्या गल्लीत राहती. माझ्या लेकीच्या वयाची, पण चुकलं की सोडत न्हाय. त्या नाटकात एक बाप होता. चिमणाबाई बाप झाली की सगळ्या हसत सुटायच्या. बाप्या माणूस पाहिजे होता, आणि रविवारी वर्कशॉप बंद.

माझ्या मनात आणखी एक होतं. विजूची पोरगी तेजस्वी पुण्याला नोकरीला. दिवाळीला आली तवा गालफडं बसलेली, बडबड आटलेली. एरवी मला बोलू देत न्हाय ती, आणि मला बोलू न देणं म्हंजे बघा. आईनं विचारलं, मी विचारलं. "काय न्हाय गं आत्या, काम असतंय." विजू म्हणतोय, "दुपारी रोज फोन येतोय की. बरं हाय म्हणती." झालं, मिटलं. म्हटलं, नाटक वाचून तरी याच्या कानाला वळण लागतंय काय बघू.

प्रवेश असा होता. लेक परगावी निघाली, बाप स्टँडवर सोडायला आलाय. सगळ्या प्रवेशात बापाला वाक्य एकच. "छत्री घेतलीस काय?" विजूनं ते वाचलं, कामगाराकडं पाना मागावा तसं.

संघप्रियानं विचारलं, "दादा, तिथं पाऊस हाय काय?"

विजूनं वर बघितलं. "न्हाय. कडक ऊन, असं लिवलंय."

"मग तो छत्री कशाला विचारतोय?"

विजूनं खिशातली पेन्सिल काढली आणि त्या वाक्यावर सरळ काट मारली. "चूक हाय. ड्रॉइंगमधली चूक आधीच धरायची, न्हायतर जॉब वाया जातोय."

चिमणाबाईच्या बशीतला चहा पदरावर आला. संघप्रिया मात्र हसली न्हाय.

"लिहिणारा चुकला न्हाय असं धरा," ती म्हणाली. "बाप बी येडा न्हाय, ऊन दिसतंय त्याला. गाडी सुटायला आलीया, पोरगी चढायला लागलीया. त्याला काय पाहिजे?"

विजूनं तो प्रवेश परत वरनं खाली वाचला. मग म्हणाला, "तिनं एकदा मागं बघावं. उत्तर द्यायला वळावं लागंल की."

संघप्रियानं खोडरबर त्याच्याकडं सरकवला.

घरी जाताना रस्त्यात तो थांबला. "आक्का, तेजू फोनवर पयलं काय विचारती म्हाईत हाय? 'पप्पा, मशिन चालू हाय काय?' रोज तेच. अगं, मशिनचा आवाज तर फोनातनं जातोयच. मी म्हणतो, ऐकू येत न्हाय काय, चालू हाय, बोल लवकर. मग ती म्हणती, काय न्हाय, बरं हाय." थोडं चालला आणि म्हणाला, "ऊन दिसतंय तिला. तरी छत्री विचारती."



दुसऱ्या दिवशी त्याचा डबा मुद्दाम मीच घेऊन गेले. फोन आला. हात तेलकट म्हणून तो फोन कायम स्पीकरवर ठेवतोय. "पप्पा, मशिन चालू हाय काय?"

विजूनं बटण दाबलं. लेथ फिरत फिरत थांबली. "बंद केली. बोल."

तिकडनं रडायचा आवाज आला. खोलीतली मैत्रीण लग्न होऊन गेलेली, हापिसात कामापुरतं बोलणं. पोरगी कितीतरी दिवस एकटी जेवत होती, न्हायतर न जेवता झोपत होती.

"मी येऊ काय?" विजू म्हणाला.

"नको पप्पा. कशाला उगंच."

फोन ठेवून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी तोंडावर काय दिसू दिलं न्हाय. म्हटलं, याचं यानंच काढू दे.

"हे 'नको' त्या साडीतलं हाय," तो म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला गेला. दोन पोरींच्या सोबतीनं राहायला तिला खोली बघून दिली, आणि आठवडाभर घरी घेऊन आला. संघप्रियाला त्यानं पितळेचा गोल तुकडा चकचकीत करून नेऊन दिला, पंख्याखाली नाटकाची पानं उडू नयेत म्हणून. ती म्हणाली, "दादा, काय गरज होती?" दारातनं बाहेर पडल्यावर मला हळूच विचारतोय, "हे खरं की साडीतलं?" उपकार संघप्रियाचे, पण आता हा भाजीवाल्याच्या बोलण्यात बी काय काय शोधतोय. भावजयेची साडी अजून आली न्हाय. सगळंच एकदम कुठलं शिकणार.

तेजूला परत सोडायला आम्ही स्टँडवर गेलतो. मार्चातलं ऊन, डांबर चिकटत होतं. आठवडाभर आमच्यात बडबडून तिचा घसा बसलेला. तिनं गाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि विजू मागनं म्हणाला,

"छत्री घेतलीस काय?"

पोरीला नाटकातलं काय म्हाईत न्हाय. वळली. वर आभाळाकडं बघितलं, मग बापाकडं लई वेळ बघितलं.

"घेतली, पप्पा."

तिची बॅग मी भरलेली. छत्री त्यात नव्हती.