मार बंद करणाऱ्या म्हात्रे बाई

वर्गात शिरल्या शिरल्या म्हात्रे बाई दोन्ही तळवे मुलांपुढे धरत. "बघा, हातात काय हाय?" मुलं ओरडत, "काय नाय, बाई!" मग शिकवणं सुरू. रोह्याजवळच्या त्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवायला नव्याने लागले होते. मुख्याध्यापिका वर्गात असं काही करतात, हे पाहून मला हसूच आलं होतं.

बाई पेणच्या खाडीकाठच्या, मिठागरात राबणाऱ्या घरातल्या. रोज पेणहून गाडीने निडी स्टेशनला उतरत आणि रिक्षाने शाळेत येत. मुख्याध्यापिका झाल्या तरी बोलणं गावचंच राहिलं. त्याची त्यांना कधी लाज वाटली नाही.

एकदा गणिताच्या सरांनी सातवीतल्या सानिकाच्या कानाखाली मारली. आवाज शेजारच्या माझ्या वर्गापर्यंत आला. तिच्या कानातून रक्त आलं. बाईंनी तिला रिक्षात घातलं, मला सोबत घेतलं आणि थेट रोह्याला डॉक्टरांकडे नेलं. कानाचा पडदा फाटला होता.

सानिकाचे वडील कंपनीतून, शिफ्ट अर्धी टाकून दवाखान्यात आले. आले ते हात जोडूनच. "बाई, सरांचं काय वाकडं करू नका. आमची पोर वांड हाय. मारल्याबिगर शिकनार कशी?"

"दादा, कामात चुकलं म्हणून सायबानं तुमच्या कानाखाली मारली तर?"

"हात मोडीन त्याचा!"

"तुमी मोडाल. हिनं काय करायचं?"

ते लेकीकडे वळले. मग खाली बसून त्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष शाळेत आले. दहावीची परीक्षा तोंडावर होती आणि सरांमुळे शाळेचा निकाल चांगला लागे. "बाई, असा माणूस कुठे मिळणार? घरातलं घरात मिटवा," ते म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "घरातलं म्हणताय, तर ती पोर पन घरातलीच ना? तिच्या बाजूनं हितं कोण बसलंय? पोरांना मारनं गुन्हा हाय, साहेब. मी वर कळवनार." आणि कळवलंच. सर निलंबित झाले. गावात कुरकुर झाली, काही पालक भांडायला आले. बाई स्वतः गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्या. परीक्षेपर्यंत रोज पहाटेची गाडी पकडून दहावीचा वर्ग त्यांनी घेतला. कोणाचंही गणित त्यामुळे बुडालं नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी आम्हा शिक्षकांची बैठक घेतली. "लहानपनी शाळेत मार खाल्लेला आठवतो कुणाला?" सगळ्यांनाच आठवत होता. कोणी मारलं, कशाने मारलं, सगळं. "आता सांगा, त्या दिवशी धडा कुठला होता?" कोणालाच सांगता येईना. बाईंनी आपली बोटं पुढे केली. "माझ्या बोटांवर गुरुजींनी छडी मारलेली. कातडी फुटली. घरी गेल्यावर मिठागरात काम होतंच. मीठ लागलं की आग व्हायची. पाढा कुठला चुकला, ते आजून आठवत नाय मला." त्यानंतर छडीची बाजू घ्यायला कोणी उभं राहिलं नाही. सानिकाच्या कानाचा पडदा हळूहळू भरून आला. मुलं आपणहून आमच्याशी बोलू लागली. अगदी घरातल्या माराबद्दलही.

बाई निवृत्त होऊन पेणला राहिल्या, मी त्याच शाळेत राहिले. मागच्या वर्षी एक नवे शिक्षक आले. गृहपाठ केला नाही म्हणून त्यांनी पाचवीतल्या एका मुलावर हात उगारला. पुढच्या बाकावरची आर्या उभी राहिली. "सर, आमच्या शाळेत मारत नाय." मागोमाग सगळा वर्ग उभा राहिला. सरांचा हात खाली आला. बाईंना पाहिलंही नव्हतं यांतल्या एकाही मुलाने.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी विचारलं,

"नाव काय गो तिचं?"

"आर्या."

"तिला सांग, उद्या शाळेला दांडी मारू नको. मी तिला बघायला येतंय."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने, ठेवणीतलं लुगडं नेसून, म्हात्रे बाई निडीला उतरल्या.