आत्याबाईंच्या बारा घागरी

बसलेली बाई दिसली की जिच्या अंगाचा तिळपापड होतो, अशी व्यक्ती उभ्या आयुष्यात मी एकच पाहिली, आणि नेमकी तीच माझ्या नशिबी आत्येसासू म्हणून आली. मी नागपूरहून लग्न होऊन मूल गावी आले तेव्हा स्वयंपाकघरात बसायला एकही पाट नव्हता. सगळे पाट आत्याबाईंनी माळ्यावर टाकले होते. मीठ एका कोपऱ्यात, तिखट दुसऱ्यात, आणि पाण्याचा माठ थेट अंगणापलीकडे. साधं वरण करायचं म्हटलं तरी माझी शतपावली होऊन जाई. एकदा धीर करून मी म्हटलं, "आत्याबाई, तिखट-मीठ एका ठिकाणी ठेवलं तर?" त्या म्हणाल्या, "पोरी, बसून बसून लोखंड गंजते, तू त बाईमाणूस हायस." चहा हवा असेल त्याने उठून चुलीपाशी यावं, हा नियम जावयालाही लागू होता. त्यांचे यजमान जंगलखात्यात नाकेदार होते. त्यांच्या मागून आपण चांदा जिल्ह्यातलं अर्धं जंगल पायी पालथं घातलं, असं त्या सांगत. उरलेलं अर्धं यजमान अकाली गेल्यामुळे राहून गेलं. तिशीत विधवा होऊन त्या भावाच्या घरी आल्या खऱ्या, पण त्यांचे पाय काही घरात आले नाहीत.

अशा बाईच्या डोळ्यांसमोर, आमच्याच मागच्या पडवीत, मोहल्ल्यातल्या बारा बाया विड्या वळायला बसत. सगळ्या लेकुरवाळ्या, हातावर पोट असलेल्या. सकाळी मांडीवर सूप घेतलं की दिवस कलेपर्यंत ते उतरायचं नाही. धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाया निदान पावसाळाभर चिखलात वाकत-उठत. या बारमाही बसलेल्या. त्यांतल्या सायत्राची कंबर तिसऱ्या बाळंतपणात धरली ती धरलीच. उठायचं तर खांबाला धरून तिला तीनदा "माय वो" म्हणावं लागे. तिचं माहेर जंगलापलीकडे चार कोसांवर होतं. गाडीवाट नव्हती, मध्ये नाला होता. तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि दोन वर्षांत सायत्राने तिला पाहिलं नव्हतं. "माय गेली त मले तिचं तोंडही नाई दिसणार," ती एकदा बोलून गेली आणि विडी वळत राहिली. आत्याबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "नाला भराच्या आधी तू तुह्या पायानं मायकडं जाशीन. नाई गेलीस त मी तुले पाठीवर घेऊन जाईन!" आत्याबाई अंगाने काडी होत्या, पण धमकी सगळ्यांना खरी वाटली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तंबाखू पडवीच्या एका टोकाला ठेवली, दोरा दुसऱ्या टोकाला आणि पानं अंगणात. म्हणजे बाया आपसूक उठतील. बायाही काही कमी नव्हत्या. त्या ओळीने बसल्या आणि बसल्या जागेवरून एकमेकींना सगळं पोचवू लागल्या. आत्याबाई तासभर बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "डोकं चालते तुमचं, पाय काऊन नाई चालत?" आणि फर्मान निघालं: रोज उन्हं उतरली की तलावाच्या पाळीवरून सगळ्यांनी एक फेरी मारायची.

अडचण अशी की मोकळ्या हातांनी बाई चालली की चार ओट्यांवरून विचारणा होते. डोक्यावर घागर असली तर कोणी मान वर करून बघत नाही. म्हणून बारा घागरी डोक्यावर चढल्या. सायत्राच्या कंबरेला भार नको म्हणून तिची रिकामी, आणि एकटीचीच रिकामी दिसायला नको म्हणून सगळ्यांच्याच रिकाम्या. सहा दिवस छान गेले. सातव्या दिवशी शेजारच्या आळीतले एक गृहस्थ पोरीची सोयरीक ठरवायला बैलगाडी जुंपून निघाले, तो पाळीवर समोरून बाया. एक रिकामी घागर आडवी आली तरी माणूस माघारी फिरतो. इथे तर बारा, ओळीने! गाडी जागच्या जागी वळली आणि थेट आमच्या दारात येऊन थांबली. "बाई, माह्या पोरीचं लगन मोडाले निघाल्या का तुमी? उद्यापासून ह्या बाया पाळीवर दिसाले नाई पायजेत!" सायंकाळपर्यंत बायांच्या नवऱ्यांनीही हेच बजावलं. सायत्रा नुकती खांबाशिवाय उठू लागली होती. ती सुपात तोंड घालून रडली.

आत्याबाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकरा घागरी काठोकाठ भरल्या. सायत्राच्या घागरीत फक्त तांब्याभर पाणी घातलं आणि आत किती आहे हे कळू नये म्हणून वर आंब्याचा डहाळा खोचला. भरल्या घागरीला कोण हरकत घेणार? त्याच गृहस्थांची गाडी पुन्हा निघाली, समोर बारा भरल्या घागरी आल्या, आणि पोरीचं लग्न ठरलं. मग काय विचारता! "बाई, उद्या निघून राह्यलो, तुमच्या बाया जरा समोर येऊ द्या," अशी आर्जवं सुरू झाली. बायांच्या दिवसातून दोन-दोन फेऱ्या होऊ लागल्या. दर चार दिवसांनी आत्याबाई सायत्राच्या घागरीत आणखी एक तांब्या ओतत. कोणी प्रवासाला निघालं की स्वतः मात्र चिंचेच्या झाडाआड जाऊन उभ्या राहत. विधवेने समोर येऊ नये, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे. साऱ्या गावाशी भांडणारी ही बाई एवढ्या एका बाबतीत गप्प का बसते, याचा मला फार राग येई.

ज्येष्ठात आभाळ भरून येऊ लागलं आणि एका सकाळी सायत्रा माहेरी निघाली. सोबतीला तिची धाकटी जाऊ होती. अकरा बाया भरल्या घागरी घेऊन पाळीवर उभ्या राहिल्या, पण सायत्रा पाऊल उचलेना.

"आत्याबाई कुठी हाय? त्यांले समोर बोलवा."

"चांगल्या घडीले खेळ नोको करू, जाय!" झाडामागून आवाज आला.

यावर सायत्राने काय करावं? ती तिथेच पाळीवर फतकल मारून बसली. "मी नाई उठत. तुमी भरली घागर घेऊन समोर या, तवाच उठीन."

बसलेली बाई आत्याबाईंना किती वेळ बघवणार? शेवटी त्या झाडामागून बाहेर आल्या. एकीची घागर त्यांनी डोक्यावर घेतली आणि समोर येऊन उभ्या राहिल्या. मान खाली होती, पण घागर हलत नव्हती. सायत्रा कशालाही न धरता उठली, त्यांच्या पाया पडली आणि चालू लागली.

ती पोचली. आठ दिवस आईच्या उशाशी राहिली आणि नाला भरायच्या आत परत आली. श्रावणात तिची आई गेली.

आत्याबाईंना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला ती सकाळच दिसते. सायत्रा जंगलाच्या वळणाआड गेली, बाया पांगल्या, तरी आत्याबाई उन्हात तशाच उभ्या. मी जवळ जाऊन म्हटलं, "द्या ती घागर माझ्याकडे." त्या म्हणाल्या, "राहू दे पोरी. अजून दिसून राह्यली थे." मी पाहिलं, वाटेवर कोणीच नव्हतं. मग मीही त्यांच्याजवळ उभी राहिले.