दुरुस्तीचा शेवटचा रविवार

मावशी माझी कोणी नव्हे. तिच्या दुकानावरच्या खोलीत मी भाड्याने राहते, एवढंच. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक इस्त्री आणि पॅन्टची उंची घेताना गिऱ्हाइकाला उभं करायचा लाकडी ठोकळा. नवे कपडे ती शिवत नाही. म्हणते, "नवं कोणीही शिवेल. दुसऱ्याने करून ठेवलेलं निस्तरायला हात लागतो."

तिचा धाकटा भाऊ परदेशात एका इस्पितळात नर्स होता. आईविना वाढलेली ही दोघं. मावशी सगळं शिवणकाम शिकली, पण सुईत दोरा ओवायचा तिला भारी कंटाळा. तो ओवून द्यायचा. अजूनही ती वैतागून सुई माझ्यापुढे धरते.

मग तिथे युद्ध सुरू झालं. भावाचा फोन आला. भूल द्यायचं औषध संपत आलं होतं.

मावशी ज्यू आहे. त्या शनिवारी प्रार्थना संपल्यावर ती सिनेगॉगमध्ये उभी राहिली. दर रविवारी इथल्या हॉलमध्ये मशीन मांडते म्हणाली. फाटलं-उसवलं आणा, डब्यात मनाला येतील ते पैसे टाका, सगळं त्या इस्पितळाला जाईल.

एकाने विचारलं, "तिथे आपली माणसं अशी कितीशी आहेत?"

"मग भावाला कळवू का, भूल देण्याआधी धर्म विचारत जा म्हणून?"

रविवारी तोच गृहस्थ घरातले सगळे कोट घेऊन हजर.

थोड्याच दिवसांत भावाचे फोन थांबले. मावशी त्याला फोटो पाठवत राहिली. रफू केलेली शाल, नवी चेन लावलेलं दप्तर. प्रत्येकाखाली एकच टिक. "नेटवर्क नसेल," ती म्हणायची आणि मशीनकडे वळायची.

शेवटच्या रविवारी हॉल भरला होता. दुसऱ्या दिवशी औषधांची पेटी निघणार होती. पट्ट्या घेऊन झाल्या होत्या. भुलीच्या औषधाला मात्र पैसे अजून कमी पडत होते. मी इस्त्रीवर होते. तेवढ्यात तिचा दीर आला. तो घड्याळं दुरुस्त करतो, सिनेगॉगचं कामकाजही पाहतो.

"वहिनी, जरा आत येता?"

"हात मोकळा नाही, भावजी. इथेच बोला."

तो बोलला. इस्पितळाच्या एका भागावर बॉम्ब पडला होता; बाकीचं इस्पितळ अजून चालू होतं. भाऊ गेला होता.

मशीन थांबलं.

"कधी?"

"महिना उलटून गेला."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

त्याने मान खाली घातली. "तेव्हाच. निरोप सिनेगॉगच्या पत्त्यावर आला होता."

मला काही उलगडेना. शेजारच्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं. भाऊ गेल्याची बातमी तीस दिवसांच्या आत कळली, तर ज्यू माणूस सात दिवस घरी बसतो, कामाला हात लावत नाही. तीस दिवसांनंतर कळली, तर शोक फक्त एक तासाचा. दीर तीस दिवस सरायची वाट पाहत होता.

"तेव्हाच सांगितलं असतं, तर मशीन बंद पडलं असतं, वहिनी. लोक पांगले असते. काम त्याचंच होतं ना?"

"मी त्याला फोटो पाठवत होते. ते तुम्ही बघत होतात."

त्याने उगाच डब्याचं झाकण सरळ केलं.

"ते सात दिवस माझे होते, भावजी. तुमच्या दुकानातलं घड्याळ नव्हतं ते, काटा धरून पुढे सरकवायला."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मावशी, आज राहू द्या."

"तास सांगितलाय ना? मग तास."

तिने चपला काढल्या. दुकानातून आणलेला ठोकळा ओढला आणि शोकाला बसायच्या रीतीप्रमाणे त्यावर बसली. मी इस्त्री बंद केली. एवढी माणसं, पण एकही दाराकडे वळलं नाही. उसवलेले खिसे हातात धरून सगळे उभे राहिले. मधेच तिने फोन काढला, पाहिला, परत ठेवला. ती रडली का, मला सांगता येणार नाही. मी तिच्या पावलांकडे पाहत होते. टाचेला एक पांढरा धागा चिकटला होता.

दीर भिंतीशी उभा होता. मनगटावर घड्याळ होतं, पण त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. शेवटी मावशीच म्हणाली, "झाला ना?"

"झाला."

ती उठली, चपला घातल्या. "तुम्ही बटणं लावायला बसा."

"मला कुठे येतात, वहिनी?"

"एवढेएवढे स्क्रू बसवता. बटणाने काय घोडं मारलंय?"

तो स्टूल घेऊन बसला. जरा वेळाने म्हणाला, "मला वाटलं, तुम्ही आता माझ्याशी बोलणार नाही."

"बोलणार नाहीच आहे." तिने सुई त्याच्यापुढे धरली. "दोरा ओवा."

एरवी केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणाऱ्या त्याचा दोरा दोनदा चुकला. ती थांबून राहिली. सुई मागे घेतली नाही.

मग डब्याशेजारचा कोट तिने पुढे ओढला. "चला, पुढचं कोण?"

सोमवारी पेटी निघाली. भुलीचं औषध सगळ्यात वर ठेवलं होतं.