आईची खाट आणि इंग्रजी

"हिच्यासमोर बोललात तरी चालेल, हिला काही कळत नाही," मोठे सर इंग्रजीत म्हणाले आणि शिकाऊ डॉक्टरांचा घोळका आईच्या खाटेला चिकटला. एका मुलाने तिचा पदर बाजूला केला. विचारलं नाही. डाव्या छातीतली गाठ कशी चाचपायची ते सरांनी दाखवलं. मग एकेकाने हात लावून पाहिलं.

मी उशाशी उभी होते. मला इंग्रजी कळत होतं.

मुंबईचं मोठं सरकारी हॉस्पिटल. वसईच्या डॉक्टरांनी हात टेकले की आमच्यासारख्यांना तेच एक दार. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना सोडत नसत. बाबा खाली जिन्यापाशी, आईजवळ मी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वसईजवळच्या वटार गावी केळीच्या वाडीत राबून आईने मला इंग्रजी शाळेत शिकवलं होतं. शिकलेल्या लोकांत आपल्याला कोणी फसवू नये, एवढंच तिचं म्हणणं.

आईला त्या घोळक्याचा अभिमान होता. शेजारच्या खाटेवरच्या मावशींना ती सांगायची, "आमच्याकडं एक डॉक्टर भेटत नाय. हितं बघा, किती जन येतात माझ्यासाठी." राउंड संपला की पिशवीतून घरची सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, काढून प्रत्येकाच्या हातावर ठेवायची. पोरं आपसात इंग्रजीत म्हणायची, आजची फी मिळाली. पुढे पुढे तर घोळका दिसला की आई स्वतःच पदर काढून पडून राहायची. जितके हात लागतील तितकी तपासणी पक्की, असं तिला वाटे. खरं तर ती पोरांच्या परीक्षेची तयारी होती.

डॉक्टर माणसांवरच शिकणार, हे मला कळतं. पण शिकायचं आमच्या बायकांच्या अंगावर आणि बोलायचं त्यांच्यापासून लपवून?

हे तेव्हा मी बोलले नाही. उलट एकदा एका शिकाऊ मुलीने काहीतरी विचारलं, मी इंग्रजीत उत्तर दिलं. तिचा चेहराच बदलला. माझ्यासाठी स्टूल आणलं, कॉलेज विचारलं. मला बरं वाटलं. स्टूल मी खाटेपासून जरा लांब ओढून बसले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी सर पोरांना इंग्रजीत म्हणाले, डावी छाती पूर्ण काढावी लागेल. एकाने विचारलं, पेशंटला सांगितलंय का? सर म्हणाले, सांगितलं तर पळून जाईल, ही खेड्यातली माणसं अशीच.

ते गेल्यावर आईने विचारलं, "काय बोलला गो तो?"

"गाठ काढणार. लहानसं ऑपरेशन आहे," मी म्हणाले.

त्यांचं खोटं मी तिला मराठीत करून दिलं.

आई निवांत झाली. वाडीला पाणी कोण घालत असेल, याची चौकशी करू लागली. मग माझा हात दाबून म्हणाली, "तू हायस म्हनून बरं. मला काय कळलं असतं?"

दिवसभर मला तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळी घोळका पुन्हा आला. सवयीने आईचा हात पदराकडे गेला. मी तो पदर दाबून धरला. आई गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. सरांनी इंग्रजीत विचारलं, काय अडचण आहे? इंग्रजी वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते गिळलं. आईला ऐकू जाईल, समजेल, असं मराठीत म्हणाले:

"सर, उद्या तुम्ही माझ्या आईची एक छाती काढणार आहात. हे तिला मी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. आता तुम्ही सांगा. मराठीत, तिच्या तोंडाकडे बघून. ती हो म्हणाली तरच ऑपरेशन होईल. आणि तिला विचारल्याशिवाय या पदराला यापुढे कोणी हात लावायचा नाही."