एका धडाचे सगळे राजे

चार माणसं एकत्र काम करायला लागली की महिन्याला एखादा किस्सा हमखास जमतो. आमच्या वरवंडच्या कारखान्यात तर राजे आणि देवच उभे असतात, त्यामुळे आठवड्याला दोन! लग्नाच्या लॉनसाठी आम्ही फायबरचे पुतळे करतो. साचे मुश्ताकमामांचे, रंग माझा.

आमची ट्रिक आधीच सांगतो. राजाच्या धडाचा साचा एकच. डोकं तेवढं वेगळं करायचं आणि मानेत नट-बोल्टनं आवळायचं. दाढी लावली की इराणचा शहा, पानांचा मुकुट घातला की रोमचा सम्राट. अख्ख्या जगाच्या इतिहासाला आमच्याकडं एकच पोट आहे!

*

शिरूरकडच्या एका लॉनवाल्याला गेटवर सिकंदर आणि पोरस हवे होते. एकाच साच्यातले, म्हणून उंची सारखी. तो भडकला.

"पोरस आपला हाय! चार बोटं तरी उंच पायजे!"

"मालक, लढाई सिकंदरानं जिकली," मामा म्हणाले.

"ती तिकडं. माझ्या गेटवर न्हाई!"

शेवटी पोरसाखाली दोन विटा सरकवल्या. इतिहास दुरुस्त करायला एवढंच लागतं, हे मला तेव्हा कळलं.

*

ग्रीकांचा समुद्रदेव रंग वाळायला बाहेर ठेवला होता, हातात त्रिशूळ. सोमवारी बघतो तर त्याच्या पायाशी बेल, फोडलेला नारळ, आणि केडगावच्या एक मावशी डोळे मिटून उभ्या! मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर मामांनी माझा हात दाबला.

मावशी गेल्यावर म्हणाले, "नातीच्या नोकरीसाठी आल्या व्हत्या. तू काय ग्रीसचा पत्ता देनार व्हतास?"

*

एका हौशी मालकानं इजिप्तची मांजरदेवी नेली आणि गेटात मधोमध बसवली. पहिल्याच लग्नात वरात अडली. नवरदेवाचे चुलते हलेनात.

"म्होरं मांजर हाय! आधी दुसऱ्या कुनाला तरी जाऊ द्या!"

"अवो, ती कुठं जातीय? काँक्रीटमधी गाडलीय!" मालक रडकुंडीला आला.

शेवटी बँडवाल्यांना पुढं घातलं. मुहूर्त टळला तो टळलाच. आता तिथं सिंह आहे.

*

एका गावचे सरपंच. नाव सांगत नाही, पोटावर पाय येईल. त्यांना निवडणुकीआधी वेशीवर स्वतःचाच पुतळा हवा होता, तोही सिंहासनावर बसलेला! "अशोक झाला, अकबर झाला. आता आमाला बसवा!"

मामांनी खास नवा साचा केला. सिंहासनावर तीन महिने राबले. सिंहांची नखंसुद्धा कोरली. म्हणाले, "एवढं चांगलं काम जल्मात केलं न्हाई. लोकांनी बघितलं पायजे."

सरपंच पडले. पुतळा न्यायला कुणी आलं नाही. मामा रोज गोणपाट उचलून धूळ झटकायचे. मला फार वाईट वाटायचं. पुतळ्याचं नाही, मामांचं.

मग एक दिवस निवडून आलेले नवे सरपंच आले. सिंहासनाभोवती तीन चकरा मारल्या.

"हेच पायजे. फकस्त डोकं आमचं लावा!"

नवं डोकं तयार झालं, चढवलं, चपखल बसलं. मामांचे डोळे भरून आले. पण नव्या सरपंचांना मानेतला बोल्ट दिसला.

"मामा, हे बोल्ट-बिल्ट नको. कायमचं चिकटवून टाका!"

मामांनी पान्हा शांतपणे खिशात ठेवला.

"बोल्टच ऱ्हाऊ द्या, सरपंच. सिंहासन वेशीवर कायम ऱ्हायलं पायजे."